केशोभाऊ मॅच बघत नाहीत

हरणाऱ्या माणसाचा केशोभाऊंना कधी राग आला नाही. राग यायचा तो हरल्यावर नशिबाचं नाव घेणाऱ्याचा. कुडव्याच्या मैदानावर एखादं पोरगं कबड्डीचा सामना हरून आलं आणि "काका, आज लकच खराब होतं" असं म्हणालं, की केशोभाऊ त्याला मैदानाच्या मधोमध उभं करत आणि विचारत, "नशीब कोन्या कोपऱ्यात खेळते बे? डाव्या का उजव्या? दाखव मले, मी पकडतो त्याले." बाकीची पोरं हसायची. केशोभाऊ हसत नसत. उत्तर येईपर्यंत ते खरंच थांबायचे.

अशा माणसाला मी नशिबावर विश्वास ठेवायला लावलं. ते सांगितल्याने माझं ओझं कमी होणार नाही. पण केशोभाऊ गेल्यापासून लोक म्हणतात, शेवटी शेवटी त्यांच्या डोक्यावर जरा परिणाम झाला होता, आणि ते ऐकून मला गप्प बसवत नाही. त्यांचं डोकं अखेरपर्यंत ठणठणीत होतं. जे झालं ते माझ्या जिभेमुळे झालं.

मी वर्ध्याकडचा. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या वर्षी इथल्या एका शाळेत गणित शिकवायला लागलो आणि गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला भाड्याने घर घेतलं. पहिल्याच रविवारी सकाळी दूध आणायला निघालो. मधे मोकळं मैदान होतं, वळसा कशाला घालायचा म्हणून सरळ त्यातून चालू लागलो. मागून आवाज आला, "ओ साहेब! चप्पल!"

वळून पाहिलं तर एक बुटका, रुंद छातीचा माणूस उकिडवा बसून जमिनीवर राखेची रेघ ओढत होता. तेलाच्या जुन्या डब्याला तळाशी भोकं पाडलेली होती आणि त्यातून राख झरत होती. रेघ इतकी सरळ, की फळ्यावर पट्टी धरूनही मला तशी जमली नसती.

"चप्पल काढा जी," तो म्हणाला. "अठी पोरं छातीवर पडतात. तुमच्या चपलेसंग एखादा खडा आला, तर तो कोनाच्या बरगडीत घुसन?"

मी चपला हातात घेऊन मैदान ओलांडलं आणि परतताना निमूट वळसा घातला. घरी येऊन पाहतो तर तो माणूस आमच्या शेजारच्याच घरात शिरत होता. ते केशोराव मेश्राम, सगळ्या कुडव्याचे केशोभाऊ.

केशोभाऊ एका राईस मिलमध्ये बॉयलरवर होते. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायला वाफ लागते, वाफेसाठी धानाचा भुसा जाळतात, आणि त्याची राख कुठे टाकावी ही मिलवाल्यांची कायमची पंचाईत. केशोभाऊ ती पोत्यात भरून सायकलवरून मैदानावर आणत. जाड राख मातीत कालवून जमीन मऊ करायची, बारीक राख चाळून रेषा आखायच्या. चुना ते मैदानावर येऊ देत नसत, कारण चुन्याने पोरांचे डोळे जातात. मिलची पाळी संपली की मैदान, मैदान संपलं की मिल. मधे कधीतरी घरी येऊन जेवत असावेत. जेवायलाही एकटे नसत. तीन-चार पोरं ताटावर असायचीच, त्यामुळे या जोडप्याला मूल नाही हे मला शेजारी राहूनही वर्षभर कळलं नाही. ते त्यांच्या बायकोने, सुलोचनावहिनींनी, बोलता बोलता सांगितलं, आणि सांगून झाल्यावर पुन्हा पोरांच्या भाकऱ्या थापायला लागल्या.

त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली. घरात बुद्धाची एक मूर्ती होती, पण तिच्यापुढे केशोभाऊंनी कधी काही मागितलेलं मी पाहिलं नाही. "बापानं मेहनतीनं देव सोडले," ते म्हणत, "ते मी परत कायले गोळा करू?" नवस, मुहूर्त, बाहेरबाधा, मांजर आडवं जाणं, सगळ्याला त्यांच्याकडे एकच शब्द होता, 'फोकनाड', म्हणजे निव्वळ थापा.

त्यांच्यासोबत एकदा नागऱ्याला गेलो होतो. महाशिवरात्रीच्या जत्रेत कबड्डीच्या स्पर्धा होत्या. उपांत्य सामन्याआधी आमच्या बाजूच्या मैदानात, बरोबर उजव्या कोपऱ्यावर, कुंकू लावलेलं एक लिंबू सापडलं. समोरच्या टीमपैकी कुणाचं तरी काम. आमची पोरं पांढरीफटक. उजव्या कोपऱ्यात खेळणारा पोरगा तर लघवीचं निमित्त काढून मंडपामागे जाऊन बसला. केशोभाऊंनी लिंबू उचललं, पाण्याने धुतलं, दातांनी फोडलं, पोरांच्या पाण्याच्या कॅनमध्ये पिळलं, वर चहावाल्याकडून साखर आणून टाकली आणि सगळ्यांना एकेक ग्लास पाजला. समोरच्या कप्तानालाही नेऊन दिला. "घ्या भाऊ, तुमचंच आहे." आम्ही तो सामना चार गुणांनी हरलो. येताना बसमध्ये पोरं कुजबुजायला लागली तसे केशोभाऊ मागे वळून म्हणाले, "लिंबानं नाही हरले. तीन वेळा रेषेच्या भाहेर पाय टाकला, ते मोजा."

मोजा, हा त्यांचा आवडता शब्द होता. आणि मोजणाऱ्या माणसाबद्दल त्यांना भारी आदर होता. मी गणिताचा मास्तर, म्हणून माझ्याबद्दलही. एरवी बारावी नापास माणसाला खिजगणतीत धरायची नाही अशी आमच्या स्टाफरूमची रीत, आणि इथे हा माणूस माझ्या शब्दाला बॉयलरच्या काट्याइतका मान द्यायचा. तो मान मला आवडत होता. त्याची जोखीम तेव्हा लक्षात आली नाही.

प्रकाश उईके आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकायला आला होता आणि मैदानावर खेळायला येऊ लागला. चोरखमारा तलावाच्या पलीकडच्या एका खेड्यातला. धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, रोवणीच्या चिखलात पळून त्याचे पाय असे तयार झाले होते, की कोरड्या जमिनीवर तो समोरच्याला दिसायच्या आत परत यायचा. बोलायचा मात्र अगदी कमी. केशोभाऊंनी त्याला चार दिवस नुसतं पाहिलं आणि पाचव्या दिवशी त्याची ट्रंक आपल्या घरी आणली. तीन वर्षं तो तिथे राहिला. पुढे विद्यापीठाकडून खेळला, नागपूरला गेला. निघताना तो वहिनींच्या पाया पडला आणि केशोभाऊंच्या पडायला वाकला, तर ते मागे सरकले. "पायावर डोकं नको ठेवू. पाय पकडायची सवय लागली तर मैदानात पकड."

त्यानंतर टीव्हीवर कबड्डीची मोठी लीग आली. रंगीत मॅट, दिवे, बूट घातलेले खेळाडू. आपल्या बाजूच्या टीमचं नाव गोंडवाना बायसन्स. बायसन म्हणजे रानगवा, हे मी मोहल्ल्याला समजावून सांगितलं. आणि मग कळलं की त्या टीमच्या बारा जणांत आपला प्रकाश आहे.

माझ्याकडे मोठा टीव्ही होता, म्हणून सगळे माझ्या बैठकीत जमायचे. केशोभाऊ सामना सुरू व्हायच्या आधी दारात चपला काढत, हातपाय धूत आणि टीव्हीपुढे सतरंजीवर मांडी घालून बसत. पहिल्या सामन्यात बायसन्स हरले. दुसऱ्यातही हरले. प्रकाश बाकावर बसलेला. कॅमेरा त्याच्यावरून दोन सेकंद फिरायचा आणि वहिनी ओरडायच्या, "दिसला, दिसला! वाळला जी पोरगा!" तिसराही सामना गेला.

हरणं केशोभाऊंना पचत असे, वाईट खेळणं नाही. ते टीव्हीशी भांडत. "अरे, डोस्कं खाली घालून पाय कायले पकडतो? त्याची मान पाहा मास्तर, मोडन एखाद्या दिवशी." "तिघं जाऊन राहिले आणि चौथा उभा राहून पाहून राहिला! तिकीट काढून आला का बे तू?" आणि दर पाच मिनिटांनी, हात जोडून, "अरे त्या प्रकाशले काढा ना भाहेर! बाकावर का अंडे उबवून राहिला तो?"

एकदा त्यांनी माझ्याकडून टीमच्या प्रशिक्षकाला सविस्तर पत्र लिहवून घेतलं. डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूच्या चार चुका, क्रमाने. पाचव्या मुद्द्यात प्रकाशला घ्यावं असं मी सुचवलं, तर ते म्हणाले, "नाही. ते लिहिलं तर चारही मुद्दे खोटे वाटतीन." महिन्याभराने उत्तर म्हणून टीमचा एक चकचकीत फोटो आला, खाली छापील सह्या. केशोभाऊंनी तो उलटसुलट करून पाहिला. "मी चूक दाखवली आणि याहीनं थोबाडं पाठवली," ते म्हणाले.

नऊ सामने झाले. त्यांत बायसन्स दोन जिंकले होते, सात हरले होते. नववा तर अगदी शेवटच्या मिनिटाला घालवला, आणि बैठकीत सगळ्यांची तोंडं आंबट झाली. केशोभाऊ सतरंजीवर डोकं धरून बसले होते. मला अशा वेळी काहीतरी चुरचुरीत बोलल्याशिवाय राहवत नाही. ती खोड शाळेतली. मी टेबलावरचा एक कागद घेतला, दोन रकाने आखले. एकीकडे 'केशोभाऊ हजर', दुसरीकडे 'केशोभाऊ गैरहजर'. जे दोन सामने जिंकले होते, त्या दोन्ही दिवशी केशोभाऊंची मिलमध्ये पाळी होती, हे मला आठवत होतं. कागद सगळ्यांना दाखवून गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "हजर सात, सातही हरले. गैरहजर दोन, दोन्ही जिंकले. मंडळी, टीमचा काही दोष नाही. पनवती आपल्या सतरंजीवर बसली आहे."

बैठक हसून लोळली. वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. केशोभाऊही हसले. मग त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि बोटाने एकेक ओळ मोजली.

"हे गनित बरोबर आहे का मास्तर?"

"आकडे खोटं बोलतात का केशोभाऊ?"

त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. तेवढ्याच वेळात मी 'अहो, गंमत केली' म्हणायला हवं होतं. मी वर्गात दरवर्षी शिकवतो, की नऊ वेळा नाणं उडवून काहीच सिद्ध होत नाही. ते एक वाक्य बोलायला मला अर्धं मिनिट लागलं नसतं. पण लोक अजून हसत होते आणि मला ते हसू मोडवलं नाही.

दहाव्या सामन्याला केशोभाऊ आले, आत आले नाहीत. दाराला पडदा होता, त्याच्या बाहेर ओट्यावर बसले. मला वाटलं माझ्या विनोदाला त्यांनी विनोदानेच उत्तर दिलं. बायसन्स जिंकले. अकराव्यालाही ते बाहेरच बसले आणि बायसन्स हरले. मी बाहेर जाऊन म्हणालो, "पाहा, तुमचा काही संबंध नाही."

"आवाज ऐकू येऊन राहिला होता ना अठी," ते म्हणाले. "ऐकनं म्हनजे अर्धं पाहनंच झालं." आणि पुढच्या सामन्याला ते ओट्यावरून उठून कोपऱ्यावरच्या हापशीपाशी जाऊन बसले. बायसन्स जिंकले. तेरावा तर बरोबरीत सुटला. त्याचं कारण त्यांनी हे काढलं, की मधेच हापशीवरून उठून ते आमच्या गेटापर्यंत आले होते.

मी त्यांना एकदा खोचून विचारलंही. "केशोभाऊ, लिंबू पिळून पिणारे तुम्ही. हे काय चालवलंय?"

ते शांतपणे म्हणाले, "लिंबाचा कोनी हिशोब मांडला नव्हता मास्तर. हा मांडलेला आहे. बॉयलरचा काटा लाल रेघेवर गेला, तर मी म्हनतो का, का माझा काट्यावर विश्वास नाही? वाफ सोडतोच ना? मी देव नाही मानत. पन आकडा तर मानला पाहिजे ना जी."

तेव्हाही मी त्यांना समोर बसवून समजावलं नाही. कारण सांगायला लाज वाटते. ते नसल्यामुळे बैठकीत शांतता झाली होती, समालोचन नीट ऐकू येत होतं, आणि सामना संपल्यावर हापशीपाशी जाऊन त्यांना निकाल सांगण्यात सगळ्यांना मजा वाटत होती. वाटेवरचे लोक विचारायचे, "क्या हुआ मेश्रामजी, बाहर कैसे?" आणि कुणीतरी आतून ओरडायचं, "केशोभाऊ मॅच बघत नाहीत!" मीही एक-दोनदा ओरडलो असेन.

चौदावा सामना हंगामातला शेवटचा. बायसन्सचं गुणतक्त्यात काही उरलेलं नव्हतं. सामन्याच्या उत्तरार्धात त्यांचा एक चढाईपटू जखमी झाला, आणि प्रशिक्षकाने बाकाकडे बोट केलं. प्रकाश उठला. वहिनी इतक्या जोरात ओरडल्या, की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

पहिल्या चढाईत प्रकाश गेला, उजव्या कोपऱ्यातल्या गड्याला पायाने शिवला आणि परत आला. एक गुण. मी धावत हापशीपाशी गेलो. केशोभाऊ उकिडवे बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर आवळलेले.

"प्रकाश उतरला! एक गुण घेतला!"

ते ताडकन उभे राहिले, आणि पुन्हा बसले. "कोन्या पायानं?"

"उजव्या."

"उजव्याच. जा मास्तर, पाहा तुम्ही. मले येऊन सांगा."

दुसऱ्या चढाईत त्याने दोघांना बाद केलं. बैठकीत सतरंजी उडाली. मी पुन्हा धावलो, आणि या वेळी सांगून परतलो नाही. त्यांचं मनगट धरलं. "चला. चला म्हणतो ना. तीन वर्षं घरात ठेवलंत, अंगावर राख घेऊन शिकवलंत, आणि तो खेळतोय तर तुम्ही इथे हापशीला टेकून बसणार? एकदा तरी बघा."

"नको जी मास्तर. चांगला खेळून राहिला. राहू द्या त्याले."

"अहो, त्या कागदाला काय अर्थ आहे?"

"तुमचाच कागद आहे तो."

मी ओढतच होतो. त्यांच्यासारख्या माणसाला मी ओढून नेऊ शकलो नसतो. ते आले, कारण त्यांना यायचं होतं. ओट्यावर चढले, दारापाशी थांबले. मी पडदा बाजूला केला. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, आणि टीव्हीवर प्रकाश तिसऱ्या चढाईला मध्यरेषा ओलांडत होता. केशोभाऊंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो आनंद होता, तो मी त्याआधी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. मग तिघांनी मिळून प्रकाशला धरलं, एक जण त्याच्या पायावर आडवा पडला, आणि प्रकाशचा उजवा गुडघा जिथे वळायला नको तिथे वळला. तो उठला नाही. वहिनींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी मागे वळलो तेव्हा दारात कोणी नव्हतं.

प्रकाशच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या हंगामात त्याला कोणत्याही टीमने घेतलं नाही. तो पुन्हा कधीच त्या मॅटवर उतरला नाही. एक संध्याकाळ, तीन चढाया, तीन गुण, एवढीच त्याची मोठी कबड्डी. आणि त्या तीन चढायांपैकी केशोभाऊंनी पाहिली ती नेमकी तिसरी.

"मी डोकावलो," एवढंच ते म्हणाले, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा.

मग मात्र मी सगळं केलं. त्यांच्यापुढे बसून पन्नास वेळा नाणं उडवलं, छापा-काटा लिहून दाखवला, सलग सात काटेसुद्धा कसे येऊ शकतात ते समजावलं. म्हटलं, त्या दिवशी मी थट्टा केली, तो कागद फाडून टाका. बोलता बोलता मला रडू आलं. केशोभाऊंनी सगळं नीट ऐकलं. वहिनींना चहा ठेवायला सांगितला. मग म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी तुम्ही हासून राहिले होते. तेव्हा तुम्हाले माझ्याकडून काही नको होतं, म्हनून खरं बोलले. आता तुम्ही रडून राहिले. आता तुम्ही माझ्यासाठी बोलून राहिले."

मी नाणं खिशात टाकलं आणि चहा पिऊन घरी आलो.

प्रकाश काठी टेकत भेटायला आला. तोही त्याच्या मानाने पुष्कळ बोलला. "काका, तो गडी पायावर पडला म्हनून गुडघा गेला. तुम्ही कुडव्यात, मी तठी." केशोभाऊ त्याच्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. पण त्या दिवसानंतर ते मैदानावर गेले नाहीत. पोरं बोलवायला आली की म्हणायचे, "तुम्ही खेळा रे. माझी नजर नको." पोरांना आधी गंमत वाटली, मग भीती वाटली. ज्यांना या माणसाने लिंबाची भीती सोडायला शिकवली होती, ती पोरं आता सामन्याला जाताना त्यांच्या घरावरून न जाता मागच्या गल्लीने जायला लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते केशोभाऊंनीही पाहिलं असणार, कारण त्यांच्या खिडकीतून ती गल्ली दिसते.

राख यायची बंद झाली. एका रविवारी मीच मिलमधून पोतं आणलं आणि डब्याने रेषा आखायला बसलो. त्या वाकड्या झाल्या. पोरं दोन दिवस खेळली, मग पावसाने रेषा गेल्या आणि मी पुन्हा आखल्या नाहीत. वर्षभरात मैदानात गाजरगवत माजलं. बायसन्सचं काय झालं ते मला ठाऊक नाही. आमच्या बैठकीत तो चॅनल पुन्हा कुणी लावला नाही.

मिलची नोकरी सुटल्यावर केशोभाऊंच्या छातीने त्रास द्यायला सुरुवात केली. एवढी वर्षं धूर आणि राख. चार पावलं टाकली की दम लागायचा. ज्या माणसाने दीड पिढीला दम धरायला शिकवलं, त्याला खाटेवरून उठताना भिंत धरताना पाहणं मला जड जायचं. तरी रोज जायचो. त्यांनी माझ्याशी बोलणं कधी तोडलं नाही. तोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ते जाण्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. दुपारची वेळ होती. प्रकाश आला होता. त्याचं आता गावी वेल्डिंगचं दुकान आहे, लग्न झालंय, आणि संध्याकाळी तलावाच्या बांधाखालच्या मैदानात तो मुलींना कबड्डी शिकवतो. त्याच्या त्या मुलींपैकी एकीने मोबाइलवर तो जुना सामना शोधून काढला होता. "काका, तुम्ही पाहिलाच नाही ना," तो म्हणाला. "आता पाहा. आता तर होऊन गेला."

वहिनींनी केशोभाऊंना पाठीला उशी दिली. मी खाटेच्या पायथ्याशी बसलो. प्रकाशने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला. पहिली चढाई त्यांनी पाहिली. दुसरी पाहिली, दोघं बाद झाले, आणि त्यांच्या छातीतून घरघरीसारखं हसू आलं. "डावा खांदा खाली घेऊन राहिला होता तू," ते म्हणाले. "दहा वेळा सांगलं होतं तुले." प्रकाश हसला, वहिनी डोळे पुसू लागल्या, आणि मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं, की आता हा माणूस त्यातून बाहेर आला आणि मीही.

पडद्यावर प्रकाश तिसऱ्या चढाईसाठी मध्यरेषेपाशी आला. केशोभाऊंनी मोबाइल हलकेच बाजूला सारला. पाय खाली सोडले. "अहो, कुठे?" वहिनी म्हणाल्या. ते भिंत धरून उभे राहिले, एकेक पाऊल टाकत अंगणात गेले, पार कुंपणापर्यंत, आणि घराकडे पाठ करून उभे राहिले. दोन्ही हातांनी कान झाकलेले. दमामुळे पाठ वरखाली होत होती.

प्रकाशने अंगठा दाबला. चित्र थांबलं. तो मोबाइल तसाच हातात धरून अंगणात गेला आणि त्यांच्या मागे उभा राहिला. थोड्या वेळाने केशोभाऊंनी एक कान मोकळा केला. वळले नाहीत.

"झाली का रे?"

"नाही काका. थांबवली."

"कोठी?"

"रेषेवर. अजून आत नाही गेलो."

केशोभाऊंनी मान हलवली. "मंग राहू दे तठीच," ते म्हणाले, आणि कुंपणाला धरून तसेच पाठमोरे उभे राहिले.